जावेला शिकवलेला पोकर

श्रावण लोकांना आवडतो. आवडो बापडा. मला त्याचं तोंड बघवत नाही. ऊन म्हणावं तर ऊन नाही, पाऊस म्हणावा तर पाऊस नाही. घडीत हसायचं, घडीत रडायचं, आणि वर लोकांनी कौतुक करायचं. एखाद्या बाईनं असं वागून दाखवावं, दोन दिवसांत घरात अंगारे-धुपारे सुरू होतील. कर्जतचा श्रावण तर आणखीच लबाड. समोर माथेरानचा डोंगर धुऊनपुसून ठेवल्यासारखा दिसतो, आणि घरात बघावं तर पापडांना बुरशी, काडेपेटी ओली, मिठाच्या बरणीत पाणी, लुगडी तीन-तीन दिवस वाळत नाहीत. फडताळातले पत्तेसुद्धा शिळ्या पोळीसारखे मऊ पडतात. पिसायला घ्यावेत तर एकाला एक चिकटून दोन-दोन येतात.

पत्त्यांचं मला एवढं कसं माहीत, असं कुणी विचारू नये. परवा कुसुमनं विचारलंच. कुसुम माझ्या थोरल्या दिरांची मुलगी, सोळाव्या वर्षात आहे, हुशार आहे आणि आगाऊ आहे. मी दर वर्षी श्रावणात मुंबईहून कर्जतच्या घरी येते, कुळाचारासाठी. आल्या दिवशीच ती हातात पत्त्यांचा कॅट घेऊन माझ्यापुढे येऊन बसली. "काकू, मोठी आई म्हणते, तुला पोकर येतो. शिकव ना गं!"

मोठी आई म्हणजे माझी थोरली जाऊ. मी तिला अक्का म्हणते. कुसुमला जन्म दिला दुसरीनं, वाढवलं हिनं. ती तिथंच बसून टाकळ्याची भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. अठरा वर्षांत ह्या बाईनं त्या खेळाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. आणि काढलं ते ह्या पोरीपाशी!

"येत नाही मला," मी म्हटलं. "आणि आला तरी शिकवणार नाही. ऊठ, दिवे घास."

पोकर मला भिसेगावच्या मामांनी शिकवला. मामा इंजिनांच्या शेडात कारकून होते. तेव्हा घाट चढायला गाडीला मागून इंजिन लावत. आता विजेची इंजिनं आली, तेव्हा कोळशाची होती, आणि मामींची वाळत घातलेली सगळी धुणी काळी होत. पावसात घाटात दरड कोसळली की गाड्या कर्जतला तिष्ठत उभ्या. गोरे ड्रायव्हर रिकामे बसत आणि पत्ते काढत. त्यांना चौथा गडी कमी पडला की ते मामांना हाक मारत. मामा तिथून शिकून आले आणि घरी कुणी खेळायला नाही म्हणून त्यांनी मला बसवलं. माझं माहेर खालापूरचं, पण मी अर्धी वाढले मामांकडे. पैसे लावायची प्राज्ञा नव्हती, म्हणून चिंचोके. मामा म्हणत, "गोदे, पत्ते काय, गाढवालाही खेळता येतात. समोरचं माणूस खेळता आलं पाहिजे." मला ते आलं. लग्नाआधी मला स्वयंपाकातलं धड पुरण वाटता येत नव्हतं, पण समोरच्याकडे जोडी आहे की नुसतीच ऐट आहे, हे मी त्याच्या श्वासावरून सांगत असे.

लग्न करून कर्जतच्या घरात आले तेव्हा अक्का तिथं आठ वर्षं जुनी होती. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. उगीच खोटं का बोला? तिचे मोदक एकसारखे, कळ्या मोजून एकवीस. तिचा आवाज कधी चढत नसे. मी दूध उतू घालावं आणि सासूबाईंनी मला झाडावं, तोवर हिनं गुपचूप चूल सारवून ठेवलेली असे. मग सासूबाई म्हणत, "बघ, शीक काही थोरलीकडून." गरीब गाय! मला अशा गाईंची भीती वाटते. उघड भांडणारी बाई परवडली. ही चांगुलपणानं मारते आणि वळसुद्धा उठत नाही.

तिला मूल नव्हतं. ज्या श्रावणाची ही गोष्ट, त्या श्रावणात तिच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. कुणी तोंडावर बोलत नसे, कारण नवरा मुंबईला, येणार गणपतीला आणि शिमग्याला, जेमतेम आठ-आठ दिवस. "बिचारी काय करणार, नवरा लांब," असं सगळे म्हणत. पण सासूबाईंच्या देवघरातल्या डब्यात पत्रिका येऊन पडायला लागल्या होत्या. थोरल्यासाठी. म्हणजे अक्काच्या नवऱ्याला दुसरी बायको करायची. तेव्हा ते चालत असे, आजही चालतं. डब्यात काय आहे हे अक्काला माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी माहीत नसल्याचं सोंग करत असे.

तो श्रावण मोठी लढाई संपल्यानंतरचा. मानमोडीची साथ येऊन गेली होती आणि घराघरांत कुणी ना कुणी कमी झालेलं होतं. आमच्याकडे देवाची कृपा. आषाढाच्या शेवटी मुंबईहून पत्र आलं. गिरगावात दोघा भावांची मिळून एक खोली. खानावळीचं खाऊन दोघांची पोटं बिघडलेली. तेव्हा गणपती झाले की दोघींपैकी एकीला पाठवावं. जी येईल तिच्या नवऱ्याबरोबर ती खोलीत राहील, दुसरा भाऊ गॅलरीत झोपेल. दोघींना जागा नाही.

सासूबाईंनी पत्र दोनदा वाचून घेतलं आणि कंदिलाच्या खुंटीला अडकवून ठेवलं. "तुमचं तुम्ही ठरवा. मला मध्ये ओढू नका. एकीला पाठवली की दुसरी जन्मभर माझ्या नावानं बोटं मोडेल." शहाणी बाई! वाईटपणा कुणाच्या पदरात टाकायचा हे तिला नेमकं कळत असे.

अक्काला तिथं जायलाच हवं होतं, हे शेंबडं पोरही सांगेल. ती गेली असती, नवऱ्याजवळ वर्ष-दोन वर्षं राहिली असती, कूस उजवली असती, तर डब्यातल्या पत्रिका डब्यातच राहिल्या असत्या. आणि मला? माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. नवऱ्याबरोबर मी किती दिवस काढले ते मी बोटांवर मोजत असे आणि दोन महिनेही भरत नसत. मी एकवीस वर्षांची होते. मला ती चूल, ती सासू, ती एकवीस कळ्यांची जाऊ, ती ओली लाकडं, सगळं नको झालं होतं. मला माझा नवरा हवा होता. ह्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि तेव्हाही नव्हतं.

मी म्हटलं, "अक्का, पत्त्यांवर ठरवू. म्हणजे कुणी कुणाला नावं ठेवायला नको. नशिबात असेल ती जाईल."

नशीब! डोंबलाचं नशीब.

ती म्हणाली, "मला मेंढीकोट येतो. झब्बू येतो."

"ते लहान मुलांचे. मी तुम्हाला एक नवा शिकवते. अगदी सोपा आहे."

सोपा आहेच. प्रत्येकीला पाच पानं. बघून चिंचोके लावायचे. नको असलेली पानं टाकून तेवढीच नवी घ्यायची. पुन्हा लावायचे. समोरचीनं तेवढेच लावले तर पानं उघडायची. जिची भारी तिनं सगळे उचलायचे. जोडीपेक्षा दोन जोड्या भारी, त्याहून तीन सारखी पानं, त्याहून पाच ओळीनं, त्याहून पाचही एका रंगाची. लावायचं नसेल तर पानं उपडी टाकून मोकळं व्हायचं. टाकलेली पानं कुणाला दाखवावी लागत नाहीत आणि कुणी ती बघायचीही नाहीत. झाले नियम. एवढं मी जावेला एका दुपारी शिकवलं. बाकीचं शिकवलं नाही, आणि बाकीचं म्हणजेच पोकर.

दोघींना पन्नास-पन्नास चिंचोके. नागपंचमीला सुरुवात, पिठोरी अमावास्येला दिवेलागणीपर्यंत. जिच्याकडे जास्त, ती मुंबईला. सासूबाईंनी हे ऐकलं, कपाळाला हात लावला आणि दुपारची झोप काढायला निघून गेल्या. नको म्हणाल्या नाहीत.

रोज दुपारी जेवणं उरकली, शेणगोळा फिरवला की आम्ही मागच्या पडवीत बसत असू. पागोळ्यांचा आवाज एकसारखा. परसात कर्दळ, अळू, आणि कुंपणावर पसरलेली काकडीची वेल. पत्ते ओले म्हणून मी आधी शेगडीवर परातीत घालून गरम करून घेत असे. अक्का कौतुकानं बघत असे. "किती गं तुला माहिती!" म्हणत असे. मला तिचा तो प्रेमळ आवाज ऐकला की आणखी चेव येई.

मी तिला काय काय शिकवलं नाही, ते आता सांगते. नव्यानं शिकणाऱ्याला उपयोग होईल, आणि माझी लाजही एकदा चव्हाट्यावर येऊ दे.

बहुतेक डाव टाकायचे असतात, हे मी तिला सांगितलं नाही. मामा म्हणत, "दहा डाव आले तर सात बघून टाकून दे. ज्याला टाकवत नाही त्यानं पोकर खेळू नये, शेती करावी." अक्का प्रत्येक डाव खेळे. एकदा हातात आलं ते सोडायचं कसं, असं तिला वाटे. पंजी, सत्ती, नव्वी, काही मेळ नाही. तरी बाई बसलेली! ताटात वाढलेलं टाकू नये ही तिची शिकवण. मी खुशाल टाकत असे, आणि चांगलं आलं की लावत असे. पहिल्या आठवड्यात तिचे वीस चिंचोके माझ्याकडे आले.

शेवटी बोलणारा शहाणा, हेही सांगितलं नाही. समोरची काय करते ते बघून मग आपण ठरवायचं, ह्यात अर्धा खेळ आहे. आमच्या घरात थोरलीनं आधी करायचं असा रिवाज. आधी तिनं हळदीकुंकू लावून घ्यायचं, आधी तिनं बोलायचं. मी मानानं म्हणायची, "आधी तुम्ही, अक्का." मान दिला की माणूस आंधळं होतं. प्रत्येक डावात ती आधी बोलली, आणि तिला ते योग्यच वाटलं.

एका पानासाठी अडकलेल्या ओळीच्या मागे लागू नये, हे नाही सांगितलं. समोरचीनं किती पानं बदलली ते बघावं, हे तर मुळीच नाही. तीन बदलली तर बहुधा जोडी आहे, दोन बदलली तर तीन सारखी असतील, एकच बदललं तर काहीतरी जुळवायला बघते आहे. मामांनी मला हे शिकवायला एक पावसाळा घेतला होता. मी ते सगळं पदराआड धरून बसले होते.

आणि तिची एक खोड मला तिसऱ्याच दिवशी कळली. मेंढीकोटात दश्शीला सगळा मान. दश्श्या पकडायच्या, चारांतल्या तीन आल्या की डाव आपला. तिच्या माहेरी सगळे तेच खेळत, लहानपणापासून. त्यामुळे हातात दश्शी आली की ती टाकवत नसे. एक्का टाकेल, राणी टाकेल, पण एकटी दश्शी जपून धरेल! मी एकदा म्हटलंसुद्धा, "अक्का, इथं दश्शीला काही विशेष नाही हो." ती म्हणाली, "असू दे गं. हातात असली की बरं वाटतं." मग मी पुन्हा सांगितलं नाही. कशाला सांगू?

एवढं सगळं असून पत्त्यांना काही लाज नसते. श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात तिला पानंच अशी यायला लागली की विचारू नका. काही न कळता ती जिंकत चालली. दश्शी धरून बसली तर दुसरी दश्शी येऊन मिळे. माझी शहाणी पानं तिच्या खुळ्या पानांपुढे आडवी पडत. मी दात-ओठ खात असे. मामांनी ह्याचाही इलाज सांगितला होता: नशीब फिरलं की गप्प बसावं, रागानं चिंचोके लावू नयेत. मला ते कधी जमलं नाही. आजही जमत नाही.

कोंडाण्याची भागी ठाकरीण आमच्याकडे रानभाजी घेऊन येत असे. डोक्यावर इरलं, टोपलीत भारंगी, कुरडू, टाकळा. पिठोरीच्या आदल्या दिवशी ती पडवीच्या कडेला टेकली आणि आमचा खेळ बघत बसली. तिला मीच सांगितलं, कशासाठी खेळतो ते. ती तोंडावर हात ठेवून हसली. "ह्या चिंचोक्यांवं कोन नवऱ्याकं जातं गं बाय? आमी भट्टीला कोलसा पाडाय जातो, तवा सगली जातो. नवरा म्होरं, मी मागं, पोरं कडंवर. कोनाला इचारत नाय. झोपडी लानी हाय म्हून कोन बायकूला मागं ठेवतं?"

अक्का हसली नाही. तिनं भागीच्या टोपलीतून भाजी काढून घेतली, तिला दोन मापटी नाचणी दिली. भागी उठता उठता तिच्याकडे बघून म्हणाली, "तुमी जावा, थोरल्या बाय. तुमास्नी गरज हाय."

माझ्यासमोर म्हणाली! मला त्या भागीचा असा संताप आला की तिची भाजी मी त्या दिवशी पानात घेतली नाही. ती खरं बोलली होती म्हणूनच.

पिठोरीचा दिवस. ही पूजा लेकुरवाळ्या बायांची. सासूबाई करत. खीर-पुरीचं वाण डोक्यामागे धरून विचारायचं, "अतिथी कोण?" मागून मुलानं म्हणायचं, "मी." मुलगे मुंबईला, म्हणून आम्ही सुना त्यांच्या जागी मागे उभ्या राहत असू. संध्याकाळी वाण होणार, त्याआधी दुपारी आमचा शेवटचा डाव. तेव्हा अक्काकडे त्रेपन्न चिंचोके होते आणि माझ्याकडे सत्तेचाळीस.

मी पत्ते वाटले. माझ्या हातात चार बदामची आली. पाचवं बदाम आलं की भारी डाव. अक्कानं पानं उचलली, एकेक सारखी केली आणि पाच चिंचोके सरकवले. मीही सरकवले. तिनं दोन पानं बदलली. दोन! मामा तिथं असते तर त्यांनी माझ्या पायाला चिमटा काढला असता. पण मला वाटलं, ही नेहमीसारखी दश्शी कुरवाळत बसली असेल, हिला कुठलं आलंय तीन सारख्यांचं! तुच्छतेनं माणसाचे डोळे जातात, हे मामांनी मला शिकवलं नव्हतं. मी एक पान बदललं. आलं काय, तर किलवरची छक्की. म्हणजे माझ्या हातात काहीच नाही. कवडीची पानं.

तिनं आणखी पाच लावले. मी शांतपणे पदर सारखा केला आणि माझ्याकडचे उरलेले सगळे चिंचोके मध्ये ढकलले. थाप. निव्वळ थाप. सगळा श्रावणभर मी एकही थाप मारली नव्हती. ती शेवटच्या दिवसासाठी ठेवली होती. मामा म्हणत, "थाप मारायची तर आधी महिनाभर खरं बोलावं लागतं."

अक्का पानांकडे बघत राहिली. पागोळ्या थांबल्या होत्या. तिनं पानांवरून मान वर करून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मी बघितलं तिच्याकडे, न लाजता. मग तिनं पाचही पानं उपडी टाकली, गठ्ठ्यात सरकवून दिली आणि म्हणाली, "जा बाई तू."

एवढंच. रडली नाही, ओरडली नाही. उठली आणि पुऱ्यांची कणीक मळायला घेतली. मला वाटलं होतं, आनंदानं माझं काळीज फुटेल. फुटलं नाही. संध्याकाळी सासूबाईंनी वाण मागे धरलं. "अतिथी कोण?" थोरल्या मुलाच्या जागी अक्का "मी" म्हणाली, तिचा आवाज नेहमीसारखाच होता. धाकट्याच्या जागी मी म्हटलं, आणि माझा आवाज फाटला. सासूबाई म्हणाल्या, "घसा धरला वाटतं."

मी मुंबईला गेले. खोलीत राहिले, गॅलरीत झोपणाऱ्या दिरांना दोन वेळा पान वाढलं. दीर जेवत, वर्तमानपत्र वाचत, हात धुवत. दोन वर्षांत त्यांनी एकदाही "तिकडे कशी आहे?" असं विचारलं नाही. मला पहिला मुलगा झाला तेव्हा अक्कानं कर्जतहून डिंकाचे लाडू पाठवले. ते मला गिळवेनात. त्याच साली सासूबाईंनी डबा उघडला. लग्न लागलं. नव्या नवरीला ओवाळून घरात घेतलं ते अक्कानं. आलेल्या बायका पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "काय मोठं मन! नवरा लांब राहिला म्हणून, नाहीतर बिचारीच्या ओटीत काय कमी पडलं असतं?" मी मागं उभी होते. मला वाटलं, जमीन दुभंगावी. किंवा अक्कानं सगळ्यांसमोर माझं नाव घ्यावं. तिनं घेतलं नाही.

अठरा वर्षं! दर दिवाळीला मी तिला माझ्याहून चांगलं लुगडं घेतलं. सासूबाई गेल्या तेव्हा किल्ल्या तिच्या हाती जाव्यात म्हणून मी माझ्या नवऱ्याशी भांडले. दुसरीला दिरांनी वेगळी खोली घेऊन मुंबईला नेलं, तिला मुलगी झाली, आईची तब्येत तोळामासा, तेव्हा कुसुमला अक्काकडे ठेवा असं मीच सुचवलं, म्हणजे हिच्या मांडीवर कुणी तरी असेल. तिच्यापुढे मी कधी आवाज चढवला नाही. मी, जी आमच्या चाळीत भांडणाला प्रसिद्ध आहे! दर श्रावणात इथं यायचं आणि मान खाली घालून बसायचं. म्हणून मला श्रावण आवडत नाही. कळलं?

आणि आता ही म्हणते, काकूला पोकर येतो.

कुसुम दिवे घासायला विहिरीवर गेली तेव्हा मी अक्कापाशी जाऊन बसले. "तुम्ही कशाला सांगितलंत तिला?"

"तिला बघायला येणार आहेत माणसं, गौरी झाल्या की," ती म्हणाली. "परक्या घरात जाईल. थोडं यायला हवं." टाकळ्याचे देठ एका बाजूला, पानं एका बाजूला. "त्या दिवशी माझ्या हातात काय होतं, तू कधी विचारलं नाहीस."

"टाकलेली पानं विचारायची नसतात."

"तीन दश्श्या होत्या."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तीन दश्श्या! दुसरी कुठली तीन पानं असती तर म्हटलं असतं, बाईला कळलं नसेल, घाबरून टाकली असतील. पण मेंढीकोटात वाढलेली ही बाई तीन दश्श्या हातात असताना घाबरेल? झोपेत उठवलं असतं तरी तिनं त्या टाकल्या नसत्या. माझी थाप चाललीच नव्हती.

"मग टाकल्यास का?" आयुष्यात पहिल्यांदा मी तिला अगंतुगं केलं. माझ्या लक्षातही आलं नाही.

"गेले असते तिथं," ती म्हणाली. "एक वर्ष राहिले असते. दोन राहिले असते. आणि तरी काही झालं नसतं तर? मग सगळ्यांना कळलं असतं, दोष हिचाच. सवत यायची ती आलीच असती, गं. डबा कुणी विहिरीत टाकणार नव्हतं. पण मग ती वांझेवर आली असती. इथं राहिले म्हणून 'बिचारी, नवरा लांब' वर आली. त्या एका 'बिचारी' शब्दावर मी ह्या घरात मानानं राहिले. हळदीकुंकवाला मला कुणी टाळलं नाही. कुसुमला माझ्या मांडीवर द्यायला कुणी कचरलं नाही."

"आणि मी?" मला ओरडायचं होतं, पण विहिरीवर पोरगी होती. "अठरा वर्षं मी जळते आहे! मला वाटतं, मी तुझा संसार लुबाडला. तुला माहीत होतं मला काय वाटतं ते. एक शब्द बोलली असतीस!"

"माहीत होतं," अक्का म्हणाली. "बोलले असते तर तू किल्ल्या दिल्या असत्यास मला?"

असली बाई! माझ्या हातात तेव्हा लाटणं नव्हतं, हे तिचं नशीब. मी तिला गाय समजत होते. मी श्रावणभर तिला हसत होते मनात. आणि तिनं एकाच डावात माझी थाप ओळखली, माझा अपराध ओळखला, आणि दोन्ही आपल्या पदरात बांधून घेतले.

"तू फार वाईट बाई आहेस," मी म्हटलं.

"आणि तू मला अर्धाच खेळ शिकवलास. फिट्टंफाट." तिनं भाजीचं सूप उचललं, झटकलं. देठ खाली पडले.

मला राहवलं नाही. मी विचारलं, हळू विचारलं, कारण असं कुणी कुणाला विचारत नाही. "पण अक्का, खरंच... तुझ्यातच काही होतं का गं?"

विहिरीवरून कुसुमच्या दिवे आपटण्याचा आवाज येत होता.

"मला काय ठाऊक?" ती म्हणाली. "ठाऊक करून घ्यायचं नव्हतं, म्हणून तर टाकली."